परदेशी राहायला गेल्यावर रोजच्या जगण्यात काय निराळे जाणवते?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमची कन्या येत्या ऑक्टोबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला, स्टुटगार्ट येथे निघाली आहे. व्हिसा, विमा आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो तेथील गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) भरणे, ही कामे सल्लागाराने व्यवस्थित करून दिली. त्यापलीकडचे काही विचारले की तो ‘गेल्यावर कळेल’ एवढेच म्हणतो. मला नेमके तेच आधी हवे आहे. सकाळी दार उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपल्या भागातून गेलेल्या माणसाला काय निराळे वाटते, कशाची सवय करून घ्यावी लागते आणि कशाची कधीच होत नाही, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी सविस्तर लिहावे. ‘तिकडे स्वच्छता फार’ आणि ‘लोक वेळ पाळतात’ एवढे आम्हालाही ठाऊक आहे, त्यापुढचे सांगा. जर्मनीखेरीज इतर देशांचे अनुभवही चालतील, कारण धाकटे चिरंजीव बारावीत आहेत आणि ते कुठे उडतील याचा नेम नाही.

पऱ्हाटी (मूळ यावल तालुका, सध्या स्टुटगार्टजवळ)

काका, तुमचा प्रश्न माझ्याच गावचा निघाला, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट पत्त्याची. इथे पत्त्यात खोली क्रमांक नसतो. रस्त्याचे नाव आणि इमारतीचा क्रमांक असतो, आणि त्यापुढचा सगळा कारभार घंटीजवळ व टपालपेटीवर लिहिलेल्या आडनावावर चालतो. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथे महत्त्वाचे ते सारे पत्रानेच येते. बँकेचे कार्ड एका पाकिटात येते, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात येतो, विम्याचे कार्ड आणि कर क्रमांकही टपालानेच. त्यामुळे सामान उघडण्याआधी पेटीवर नाव लावावे. त्यानंतर, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र दारात हजर होते. घरात टीव्ही असो वा नसो, घरामागे महिना १८.३६ युरो भरावेच लागतात. मात्र ती घरामागे आहे, माणसामागे नाही, तेव्हा चार मुली एकत्र राहत असतील तर एकीने भरून बाकीच्यांनी वाटून घ्यावे.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची खास, ती म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. आमच्या इमारतीतील पाटी लाकडी आहे, तिच्यावर झाडूचे चित्र आहे आणि इतक्या वर्षांच्या हाताळणीने तिचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत. जिना आधीच लख्ख दिसत असला तरी तो पुसायचाच, कारण वरच्या मजल्यावरील आजीबाई जिन्याची स्वच्छता पाहत नाहीत, पायऱ्यांवरचा ओलावा पाहतात.

रविवारचे आणि कचऱ्याचे सवडीने लिहिते.

केळीचा_घड (रावेर)

ही पाटीची पद्धत आमच्या गल्लीत आणली तर आठवड्याच्या आत पाटीच गायब होईल, आणि ज्याची पाळी असेल तोच सर्वांत मोठ्याने चौकशी करील.

साक्रीकर_आबा (साक्री)

सर्वांचे वाचले. एक शंका मांडतो, राग मानू नये. आम्ही तरुणपणी साक्रीहून मुंबईला नोकरीस गेलो तेव्हाही पाण्याची ठरलेली वेळ, चाळीतल्या संडासाची रांग आणि शेजाऱ्याच्या दारावरची घंटी या सगळ्याचे नवल वाटलेच होते. तुम्ही जे फरक सांगता ते देशादेशांतले कमी आणि गाव व शहर यांच्यातले जास्त आहेत, असे मला वाटते. पुण्यात आठ वर्षे काढलेल्या मुलाला जर्मनीत तेवढा धक्का बसणार नाही.

पांझरा (धुळे, पूर्वी हॅम्बुर्ग)

आबा, तुमचे म्हणणे निम्मे मान्य आहे. मी पुण्याहूनच हॅम्बुर्गला गेलो आणि अनेक वर्षे राहून परत आलो. गर्दी, वेग आणि एकटेपणा पुण्याने शिकवलेले असतात. पण पुण्यातसुद्धा आपण अडलो की माणसाला विचारतो. गॅसची नोंदणी कुठे, कचरागाडी किती वाजता, पाणी कधी येणार, या प्रत्येकाला खालचा वॉचमन, किराणावाला किंवा समोरच्या काकू हे उत्तर असते. तिथे त्याचे उत्तर कागदावर असते. घर घेताना इमारतीच्या नियमांची चार पाने हाती मिळतात आणि ती खरोखर वाचायची असतात, कारण शेजाऱ्याने ती वाचलेली असतात. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही, रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचे नाही, काचेच्या बाटल्या रविवारी कुंडीत टाकायच्या नाहीत कारण त्या खळखळतात, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. शेजारी तुम्हाला टोकतो तेव्हा तो भांडत नसतो. तो तुम्हाला पानाचा क्रमांक सांगत असतो. आपल्या मुलांना हे मनाला लागते, कारण आपल्याकडे असे टोकणे म्हणजे भांडणाची सुरुवात असते.

रविवारचे महत्त्व राज्यघटनेपर्यंत जाते. वायमार काळातील (१९१९ च्या) जर्मन घटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या घटनेच्या १४० व्या कलमाद्वारे तसेच चालू ठेवले आहे. परिणामी रविवारी किराणा दुकाने बंद असतात. सकाळी काही तास बेकरी उघडी असते, तसेच पेट्रोलपंप आणि मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने चालू असतात. औषधांची दुकानेही बंद असतात, परंतु त्यांची पाळी लावलेली असते आणि त्या दिवशी कोणते दुकान उघडे आहे याची सूचना बंद दुकानाच्या दारावर असते.

साक्रीकर_आबा

कागद आणि माणूस हा मुद्दा पटला. तरी मुंबईच्या बाबतीत माझे मत कायम आहे.

नवापूर_ते_दुबई

आखाताबद्दल लिहितो, कारण आपल्याकडून इकडे येणारे पुष्कळ आहेत आणि ‘उन्हाचे काय, आपण खान्देशातले’ असे म्हणत येतात. जळगावचे ऊन कोरडे असते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की थंड गाडीतून उतरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते आणि घाम वाळतच नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. ही बंदी कायद्याने आहे, मालकाच्या मर्जीवर नाही. गावी आपणही वैशाखात दुपारी रस्ते ओस पाडतो, पण कापूस वेचणाऱ्या बाईसाठी किंवा गवंड्यासाठी असा नियम कधी ऐकला नाही.

सुट्टीचा वार हा दुसरा फरक. पूर्वी संयुक्त अरब अमिरातीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. जानेवारी २०२२ पासून शासकीय कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. शारजाहने शुक्रवारसुद्धा पूर्ण सुट्टीचा ठेवला, त्यामुळे नवरा दुबईत आणि बायको शारजाहत नोकरीला असेल तर घराचे दिनमान सांभाळताना कसरत होते.

आणि एक इशारा. घरचा काळा मसाला डब्यात भरून देताना वहिनी-मावशींनी लक्षात ठेवावे की इथे खसखशीवर बंदी आहे. मसाल्यातसुद्धा नको. हा गमतीचा विषय नाही, त्यावरून अटक होऊ शकते.

खापरावरचे_मांडे (धुळे)

आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहून आलो. नोकरी करणाऱ्या मुलांना जे दिसत नाही ते दिवसभर घरात बसणाऱ्या आई-वडिलांना दिसते, म्हणून लिहिते.

घर मोठे, अंगण मोठे, पण दुपारभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुनेला विचारले की लोक कुठे गेले, तर म्हणाली, गाडीत. चालत जाण्याजोगे दुकान नाही, कारण पायवाटच मध्येच संपते. आमच्या यजमानांना रोज संध्याकाळी देवपुरात फेरफटका मारून चार जणांशी बोलायची सवय, त्यांचे फार हाल झाले. शेवटी ते सुनेबरोबर भाजी आणायला जाऊ लागले, भाजीसाठी नव्हे, माणसे पाहण्यासाठी.

दुकानातही एक गंमत असते. पाटीवर जी किंमत लिहिलेली असते तिच्यात विक्रीकर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. हातात मोजून पैसे घेऊन उभे राहणाऱ्या माझ्यासारखीची त्यामुळे दर वेळी पंचाईत. हॉटेलात त्यावर पुन्हा वाढप्याची बक्षिसी, तीही पंधरा-वीस टक्के.

भुसावळ_जंक्शन (सध्या न्यू जर्सी)

काकू, टेक्सास आणि न्यू जर्सी यांत फरक आहे. आमच्याकडे रेल्वे आहे, पायी जाण्याजोगी दुकाने आहेत आणि आमच्या भागात आपली माणसे इतकी आहेत की कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो. तेव्हा धाकट्या चिरंजीवांना ‘अमेरिका अशी’ असे सांगू नये, अमुक गाव असे आहे एवढेच सांगावे.

मला खरी अडचण झाली ती हाताच्या सवयींची. दिव्याचे बटण इथे वर केले की दिवा लागतो आणि खाली केले की विझतो, आपल्या अगदी उलट. तारीख लिहिताना महिना आधी येतो, त्यामुळे ०४/०५ म्हणजे पाच एप्रिल. तापमान फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडात आणि अंतर मैलात. विजेचा दाब १२० व्होल्ट असल्याने घरून आणलेला मिक्सर नुसता घरघरतो. जर्मनीला जाणाऱ्यांना ही अडचण नाही, तिथला दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे.

एक गोष्ट मात्र पाहून आनंद होतो. शाळेची पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की, मध्ये दुभाजक नसेल तर, मागून आणि समोरून येणारी सर्व वाहने जागीच उभी राहतात. हॉर्न नाही, कुरकुर नाही, मूल रस्ता ओलांडेपर्यंत कोणी हलत नाही.

केळीचा_घड

आमच्याकडे बस थांबली की मागचे हॉर्न वाजवतात आणि समोरचे ‘जागा द्या’ म्हणतात. एकूण लक्ष सगळ्यांचेच असते.

सातपुड्याचा_वारा (शहादा, सध्या ओसाका)

जपानमध्ये वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात आणि चपला दाराशी काढतात, त्यामुळे पहिले दोन दिवस घरी आल्यासारखे वाटते. मग हातात चॉकलेटचा कागद उरतो आणि तो टाकायला रस्त्यावर कुंडीच सापडत नाही. लोक कचरा पिशवीत ठेवून घरी नेतात. घरी प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याला वार ठरलेला असतो आणि तो त्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवायचा असतो. आगगाडीत फोनवर बोलणे असभ्य समजले जाते. ‘हॅलो, मी गाडीत आहे’ हे वाक्य मी इथे येऊन विसरलो आहे. टॅक्सीचे मागचे दार चालक आतूनच उघडतो आणि बंद करतो, आपण हात लावायचा नसतो.

पऱ्हाटी

कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर माझे उरलेले पूर्ण करते. इथे कागदाला निळी, ओल्या कचऱ्याला तपकिरी, वेष्टनांना पिवळी आणि उरलेल्याला काळी किंवा करडी कुंडी असते. शहरागणिक थोडे बदलते. बाटल्यांची गोष्ट वेगळी. पाण्याची प्लास्टिकची बाटली किंवा पेयाचा पत्र्याचा डबा घेतला की २५ सेंट अनामत जादा लागते, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. रिकाम्या बाटल्या दुकानातील यंत्रात टाकल्या की चिठ्ठी मिळते आणि ती गल्ल्यावर दाखवली की बिलातून तेवढे वजा होतात. बाटली चेपली किंवा वरचा कागद फाटला तर यंत्र ती थुंकून देते. तसे नळाचे पाणी बिनधास्त पिण्याजोगे असते. पण आमच्याकडे ते जड आहे, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, त्यात अधूनमधून व्हिनेगर उकळावे लागते.

आता ऊन आणि थंडी. इथल्या घराला पंखा नसतो, छताला त्याचा हूकही नसतो. चव्वेचाळीस अंशांत वाढलेल्या मला पस्तीस अंशांत गुदमरेन असे वाटले नव्हते, पण भिंती उष्णता धरून ठेवण्यासाठीच बांधलेल्या आहेत. सकाळी खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा पाडून घर अंधारे ठेवायचे आणि रात्री सगळे उघडायचे. आपल्या आज्या धाब्याच्या घरांत हेच करत होत्या. हिवाळ्यात उलट काम. हीटर चालू असतो आणि तरी दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या. नाही उघडल्या तर भिंतीला बुरशी धरते, आणि आपल्या फोडण्या व वरणाच्या वाफेने ती लवकर धरते. घर सोडताना त्या बुरशीचे पैसे अनामतीतून कापले जातात, म्हणून मुलीला हे पक्के सांगा. हीटरचा खर्चही महिन्याला अंदाजाने घेतात आणि वर्षाअखेरीस हिशेब करून फरकाचे बिल पाठवतात. तेवढी रक्कम बाजूला ठेवलेली बरी.

खापरावरचे_मांडे

ताई, भरीत कसे करतेस ते सांग. एवढे सगळे लिहिलेस आणि मुख्य राहिले.

पऱ्हाटी

काकू, ज्योत नाही हाच खरा प्रश्न. शेगडी काचेची सपाट असते. पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्या पेटवणे तर दूरच, छताला धुराची घंटी लावलेली असते आणि पुष्कळ इमारतींत गच्चीवर कोळसा पेटवायलाही मनाई असते. मी वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर साल करपेपर्यंत ठेवते. मिरच्या आणि लसूण सोबतच भाजते. मग सोलून खलबत्त्यात ठेचायचे, मिक्सरला अजिबात लावायचे नाही, आणि वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. बामणोदच्या हिरव्या वांग्याची चव येत नाही, इथली वांगी जांभळी आणि पाणचट असतात. धुराचा वास नाही तो नाहीच. पण कळण्याची भाकरी सपाट काचेवर झकास भाजते, लोखंडी तवा मात्र बुडाला सपाट हवा. मुलगी ज्या घरात जाणार तिथे इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा द्या.

बोरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात वाचन चालू आहे. सौभाग्यवतींनी दोन किलो घरचे तूप, पेढे आणि भरताची वांगी अशी यादी केली आहे. चालेल ना?

पांझरा

जिभाऊ, यातले काहीच चालणार नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे सगळेच गेले. ताज्या भाज्या, फळे आणि कढीपत्त्याची पाने यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातून फक्त पाच फळे वगळली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. बिबड्या, कुरडया, पापड, सुका मसाला, दादर ज्वारीचे पीठ खुशाल द्या.

केळीचा_घड

केळी! वाचलेत का सर्वांनी? सगळ्या जगाची फळे अडवली आणि आमच्या केळीला रस्ता मोकळा ठेवला. ब्रुसेल्समध्ये नक्कीच कोणाची तरी सासुरवाडी रावेरला असावी.

पऱ्हाटी

घडभाऊ, रस्ता मोकळा असला तरी सामानात घालून पाठवू नका, पेटीत शिकरण होईल. इथली केळी इक्वाडोर, कोलंबियाकडून येतात, किलोवर मिळतात आणि सगळी एका मापाची असतात. डझनाचा हिशेब कोणालाच कळत नाही.

साक्रीकर_आबा

पांझरा, एक विचारायचे राहिले. तुम्ही एवढे सगळे कागदावर चालते म्हणता, मग माणसे एकमेकांकडे जातात तरी कशी?

पांझरा

ठरवून जातात, आबा. दोन-तीन आठवडे आधी दिवस ठरतो, वेळ ठरते आणि त्या वेळेला घंटी वाजते. न कळवता कोणाच्या दारात उभे राहणे प्रशस्त समजत नाहीत. वाढदिवस ज्याचा असतो तोच कार्यालयात केक आणतो, आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन मानतात. मला स्वतःला हे न कळवता जाण्याचे सुख परत येईपर्यंत मिळाले नाही, आणि आता धुळ्यात कोणी दुपारी दोनला न कळवता आले की तिथल्या पद्धतीची आठवण येते.

भुसावळ_जंक्शन

हे शेवटचे वाक्य परत आलेल्या प्रत्येकाचे आहे.

बोरीकाठ

तूप काढून ठेवले आहे, घरात थोडी धुसफूस आहे, पण ती चालायचीच. आता नेमके तीन प्रश्न. मुलीचे विमान शनिवारी संध्याकाळी पोहोचते, ते ठीक आहे का? टपालपेटीवर आडनाव कोणते लिहावे, कारण पासपोर्टवर वडिलांचे नावही जोडलेले आहे. आणि तिच्या लॅपटॉपचे तीन पिनांचे प्लग चालतील का?

पऱ्हाटी

काका, शक्य असेल तर तिकीट बदलून आठवड्याच्या मधल्या वारी घ्या. शनिवारी संध्याकाळी उतरून सामान ठेवेपर्यंत दुकाने मिटायला येतील आणि पुढे अख्खा रविवार बंद. घरमालकाचे माणूसही रविवारी किल्ली द्यायला येणार नाही. तिकीट बदलत नसेल तर मुख्य स्थानकातील दुकानातून दूध, ब्रेड आणि थोडी फळे घेऊनच पुढे जायला सांगा. थोडे महाग पडते, पण रविवार निघून जातो. पेटीवर फक्त आडनाव पुरते, मात्र त्याची अक्षरे पासपोर्टवर आहेत तशीच हवीत आणि बँकेला व विम्यालाही तेच कळवावे, नाहीतर एक पत्र मिळते आणि दुसरे परत जाते. आपला तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही. दोन गोल पिनांचा बारीक प्लग, मोबाईलच्या चार्जरचा असतो तो, जसाच्या तसा चालतो. लॅपटॉपसाठी एक अडॅप्टर तिथूनच द्या, कारण शनिवारी रात्री तो शोधायला दुकान उघडे नसेल.